पेटंट हाती येण्याआधी कंपनी शोधताना

९ ऑक्टोबर १९२३ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने इन्सुलिनवरचे पेटंट मंजूर केले. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९६२ रोजी, शरीरात बसवायच्या पेसमेकरचे पेटंट मंजूर झाले. तारीख जुळली हा योगायोग. पण या दोन शोधांत त्याहून महत्त्वाचे एक साम्य आहे. पेटंटचा कागद हाती आला तेव्हा इन्सुलिन इंडियानापोलिसच्या एका औषध कंपनीत मोठ्या प्रमाणावर तयार होत होते आणि पेसमेकर मिनिआपोलिसच्या एका छोट्या कंपनीतून रुग्णालयांत पोहोचत होते. दोन्ही वेळा कंपनी आधी सापडली, पेटंट नंतर मिळाले.

आपल्याकडे समज बरोबर उलटा आहे. एखाद्या डॉक्टरने नवे उपकरण घडवले किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने स्वस्त तपासणी-यंत्र बनवले, की ‘पेटंट मिळेपर्यंत गप्प बसा’ असा सल्ला हमखास मिळतो. अर्ज करण्याआधीच्या काळापुरता हा सल्ला अगदी योग्य आहे. अर्ज दाखल झाल्यानंतर मात्र तोच सल्ला महागात पडू शकतो. पेटंटची वीस वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात, मंजुरीच्या नव्हे. मंजुरीला काही वर्षे लागतात. वैद्यकीय उपकरण किंवा औषध असेल तर चाचण्या आणि सरकारी परवानग्यांची वर्षे वेगळीच. मंजुरीची वाट पाहत बसलेल्या संशोधकाचा हक्क त्या काळात बसल्या जागी झिजत असतो, आणि ज्याच्यासाठी शोध लावला तो रुग्णही थांबलेला असतो.

टोरंटोला कंपनी का लागली?

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. पहिल्या इंजेक्शनने फारसे काही साधले नाही. जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क दिल्यावर मात्र त्याच्या रक्तातील साखर खाली आली. जगभरातील मधुमेही मुलांचे आईवडील ज्याची वाट पाहत होते ते औषध सापडले होते. पण ते पुरेसे तयार करणे विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे ठरले. प्रयोगशाळेत जमलेली कृती मोठ्या भांड्यात जमेना. मध्यंतरी तर गुणकारी अर्क मिळणेच बंद झाले होते.

एलाय लिली कंपनीचे संशोधन संचालक जॉर्ज क्लोव्ज यांनी डिसेंबर १९२१ मध्ये न्यू हेवनच्या परिषदेत या कामाबद्दल ऐकले होते आणि तेव्हापासून ते टोरंटोच्या मागे होते. ३० मे १९२२ रोजी करार झाला. तेव्हा पेटंट मिळायला सोळा महिन्यांहून अधिक काळ बाकी होता. कराराची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. लिलीला एक वर्ष प्रायोगिक काळ मिळाला आणि त्या काळापुरता अमेरिकेतला हक्क तिच्या एकटीकडे राहिला. त्या बदल्यात उत्पादनात जी सुधारणा होईल ती टोरंटोला कळवायची होती. वर्षानंतर इतर कंपन्यांनाही परवाने देण्याची मोकळीक विद्यापीठाने स्वतःकडे ठेवली होती.

लिलीचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्डन यांनी त्याच वर्षी अर्क शुद्ध करण्याची कितीतरी चांगली रीत शोधली आणि उत्पादनाचा प्रश्न सुटला. पण कंपनीने त्या सुधारणेवर स्वतःच्या नावे पेटंट मागितले, तेव्हा टोरंटोत धोक्याची घंटा वाजली. मूळ शोध विद्यापीठाचा आणि तो वापरण्याजोगा करणारी रीत कंपनीची, अशी विभागणी झाली असती तर कराराचा हेतूच फसला असता. कराराने विद्यापीठाचे हात बांधलेले नव्हते म्हणून ते सावरू शकले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिला, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. पण त्या उदारपणाचा लाभ रुग्णांपर्यंत पोहोचला तो विद्यापीठाने अनेक कंपन्यांना परवाने दिल्यामुळे आणि औषधाच्या दर्जावर स्वतः लक्ष ठेवल्यामुळे.

बफेलोच्या कोठारातला पेसमेकर

विल्सन ग्रेटबॅच हे बफेलो शहरातले विद्युत अभियंता. हृदयाचे आवाज नोंदवणारे यंत्र जुळवताना त्यांच्या हातून चुकीचा रेझिस्टर बसला. दहा किलोओहमऐवजी एक मेगओहमचा. मंडल क्षणभर स्पंदन देऊन सेकंदभर शांत राहू लागले, पुन्हा स्पंदन, पुन्हा शांतता. ही हृदयाचीच लय आहे हे त्यांनी ओळखले. शल्यविशारद विल्यम चार्डॅक यांच्यासोबत ७ मे १९५८ रोजी त्यांनी कुत्र्याच्या हृदयावर पहिला प्रयोग केला. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये ओके सेनिंग आणि रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, पण तो काही तासांतच बंद पडला. लार्सन पुढे एकामागून एक नव्या पेसमेकरच्या आधारे २००१ पर्यंत जगले.

ग्रेटबॅच यांनी नोकरी सोडली. शिल्लक दोन हजार डॉलर होती आणि घरखर्चाची थोडी वेगळी तजवीज केलेली होती. घरामागच्या कोठारात त्यांनी हाताने सुमारे पन्नास पेसमेकर बनवले. त्यांतले चाळीस प्राण्यांमध्ये आणि दहा माणसांमध्ये बसवले गेले. जुलै १९६० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. चार्डॅक यांच्या गटाचा शोधनिबंध त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, प्रसिद्ध झाला.

कोठारात दहा यंत्रे बनतात, दहा हजार बनत नाहीत. ग्रेटबॅच यांना मिनिआपोलिसची मेडट्रॉनिक सापडली, तीही योगायोगाने नव्हे. अर्ल बॅकन आणि पामर हर्मंडस्ली यांनी १९४९ मध्ये एका गॅरेजमध्ये सुरू केलेली ही कंपनी रुग्णालयांतील यंत्रे दुरुस्त करायची. १९५७ मध्ये बॅकन यांनी अंगावर बांधून वापरायचा, बॅटरीवर चालणारा पेसमेकर बनवला होता. हृदयाला जोडायचा हंटर-रॉथ इलेक्ट्रोडही याच कंपनीकडे होता आणि बफेलोच्या गटाला त्याची गरज होती. शोधाला जे कमी पडत होते तेच कंपनीजवळ होते आणि कंपनीला पुढे जिथे जायचे होते ती वाट शोधाने दाखवली. हर्मंडस्ली स्वतःचे विमान घेऊन बफेलोला आले आणि पेटंट हाती येण्याच्या बरेच आधी परवाना करार झाला.

ग्रेटबॅच यांनी या करारात रॉयल्टीइतकेच लक्ष दर्जाकडे दिले. कंपनीतील पेसमेकरच्या प्रत्येक आराखड्यावर आणि बदलावर त्यांची सही लागायची. छातीत बसवलेले यंत्र बिघडले तर नाव त्यांचे जाणार होते आणि जीव रुग्णाचा. मेडट्रॉनिक तेव्हा पैशांच्या ओढाताणीत होती आणि १९६२ च्या सुमारास ती बुडण्याच्या बेतात आली होती. ती तगली आणि पेसमेकरच्या बळावर मोठी झाली. नवख्या कंपनीवर विसंबण्यातला धोका असा खरा असतो. म्हणूनच कंपनी डबघाईला आली किंवा तिने उत्पादन थांबवले तर हक्क कोणाकडे जाईल, हे करारात लिहून ठेवावे लागते.

एकाला की सर्वांना?

तिसरे उदाहरण जनुकीय अभियांत्रिकीचे. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी डीएनए कापून-जोडून जिवाणूत वाढवण्याची पद्धत नोव्हेंबर १९७३ मध्ये शोधनिबंधातून मांडली. पेटंटचा विचार कोणी केलाच नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नील्स रायमर्स यांना या कामाची माहिती मे १९७४ मध्ये वर्तमानपत्रातून कळली. अमेरिकेच्या कायद्यात निबंध प्रसिद्ध झाल्यावर अर्जासाठी एक वर्षाची सवलत होती. ती संपायला जेमतेम आठवडा उरला होता तेव्हा, ४ नोव्हेंबर १९७४ रोजी, अर्ज दाखल झाला. युरोप आणि जपानमध्ये अशी सवलत नव्हती. तिथले हक्क अर्ज दाखल होण्याआधीच गेले होते.

पहिले पेटंट मिळायला सहा वर्षे लागली. ते २ डिसेंबर १९८० रोजी मिळाले, तेही केवळ पद्धतीचे. त्या पद्धतीने बनणाऱ्या वस्तूंवरचे अर्ज तेव्हाही प्रलंबित होते आणि ते १९८४ आणि १९८८ मध्ये मंजूर झाले. तरीही स्टॅनफर्डने १९८१ मध्ये परवाने खुले केले. ते एका कंपनीला दिले नाहीत, जी मागेल तिला दिले. सुरुवातीला दहा हजार डॉलर, दरवर्षी किमान दहा हजार आणि तयार औषधाच्या विक्रीवर एक टक्का किंवा त्याहून कमी रॉयल्टी. १५ डिसेंबरपूर्वी सही करणाऱ्यांना पुढच्या रॉयल्टीत सूट होती. रक्कम मुद्दामच कमी ठेवली होती. कोर्टात जाऊन पेटंटला आव्हान देण्यापेक्षा परवाना घेणे कंपन्यांना स्वस्त पडावे, असा हिशेब होता. मुदतीच्या आत सत्तरहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. पेटंट १९९७ मध्ये संपले. एकूण ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले.

पेसमेकर एकाच कंपनीला आणि ही पद्धत सर्वांना, असे का? पेसमेकर हे एक यंत्र. ते कारखान्यात उतरवायला भांडवल आणि जोखीम लागणार होती, आणि उद्या शेजारचा तेच बनवणार असेल तर पहिली कंपनी पैसा ओतत नाही. कोहेन-बॉयर पद्धत हे मूलभूत साधन होते आणि त्यातून शेकडो औषधे निघणार होती. ती एका कंपनीच्या कुलपात गेली असती तर बाकीची औषधे रखडली असती.

प्रलंबित अर्जात विकण्याजोगे काय असते?

पेटंट नसेल तर कंपनी पैसे कशाचे देते? पहिली गोष्ट रांगेतल्या जागेची. अर्जाच्या तारखेनंतर तोच शोध दुसऱ्याने मांडला तरी त्याचा नंबर मागे लागतो. दुसरी गोष्ट ज्ञानाची. अर्जात न मावणारे बारकावे, फसलेले प्रयोग, चाचण्यांच्या नोंदी कंपनीला लागतातच. तिसरी गोष्ट वेळेची. प्रतिस्पर्ध्याच्या आधी बाजारात उतरणे याला स्वतंत्र किंमत असते.

भारतात हे टप्पे कायद्याने आखलेले आहेत. काम पूर्ण झालेले नसेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. बारा महिन्यांत संपूर्ण अर्ज द्यावा लागतो. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, तपासणीचे शुल्क वेगळे. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आधी प्रसिद्ध व्हावा असे वाटत असेल तर तशी विनंती करता येते. तपासणीची मागणी ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. प्रसिद्धीच्या तारखेपासून अर्जदाराला पेटंटधारकासारखे हक्क असतात, पण नक्कल करणाऱ्यावर दावा मात्र पेटंट मंजूर झाल्यावरच लावता येतो. मधल्या काळातली भरपाई तेव्हा मागता येते. म्हणून आपला शोध लवकर प्रसिद्ध व्हावा की उशिरा, हाही कंपनीशी बोलणी करताना विचारात घेण्याचा मुद्दा आहे.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपचाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही. त्यासाठी बनवलेल्या उपकरणावर मिळू शकते. आणि अर्ज प्रलंबित असताना वस्तूवर ‘पेटंटप्राप्त’ असे छापणे कायद्याने दंडनीय आहे. ‘पेटंट अर्ज दाखल’ असे लिहावे.

कोणाचे दार ठोठवायचे?

सर्वांत मोठी कंपनी ही बहुधा पहिली निवड नसते. चेस्टर कार्लसन यांनी झेरॉक्सचे तंत्र शोधले आणि १९३९ पासून पुढची पाच वर्षे ते कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिले. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक धरून वीसहून अधिक ठिकाणी नकार मिळाला. अखेर १९४४ मध्ये बॅटल या संशोधन संस्थेने काम हाती घेतले आणि मग हॅलॉइड या फोटोचा कागद बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीने परवाना घेतला. तीच पुढे झेरॉक्स झाली. मोठ्या कंपनीचा चालू धंदा नीट चाललेला असतो. तो मोडणाऱ्या कल्पनेची तिला घाई नसते.

त्यामुळे शोध सुरू करावा तो शेजारच्या वस्तूपासून. आपले उपकरण ज्या डॉक्टरच्या टेबलावर जाणार, त्याच टेबलावरची बाकीची उपकरणे कोण बनवते? त्या कंपनीकडे विक्रेत्यांचे जाळे तयार असते, कारखान्याचा परवाना असतो आणि डॉक्टरांशी ओळखही. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज मोफत शोधता येतात. आपल्यासारख्या विषयावर कोण अर्ज करत आहे हे पाहिले की कोणाला रस आहे हे कळते. वैद्यकीय परिषदांतील प्रदर्शने हीदेखील चांगली जागा, पण अर्ज दाखल झाल्यानंतरच. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईतील बेटिक यांसारखी केंद्रे संशोधक आणि उद्योग यांची गाठ घालून देतात.

पहिल्या भेटीत एक-दोन पानांची टिपण पुरते. प्रश्न कोणता, किती रुग्णांचा, आज काय वापरतात, नव्या उपकरणाने काय बदलते, चाचणीत काय दिसले, अर्ज कोणत्या तारखेचा. आतली रचना त्यात सांगू नये. मोठ्या कंपन्या पहिल्याच भेटीत गुप्तता करारावर सही करत नाहीत, कारण त्यांच्याकडे तसेच काम आधीपासून चाललेले असू शकते. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. रस निर्माण झाला की करार होतो आणि मग तपशील उघड करावा. कंपनीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पेटंटबद्दल नसून परवानगीबद्दल असतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणे जोखमीप्रमाणे अ, ब, क, ड या वर्गांत मोडतात. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्य देते, पुढच्या दोन वर्गांचा केंद्र. आपले उपकरण कोणत्या वर्गात बसते याचे उत्तर तयार असलेला संशोधक अर्धी बाजी मारतो.

सही करण्याआधी

प्रलंबित अर्जाच्या करारात नेहमीच्या अटींखेरीज काही कलमे नेमकी हवीत. पेटंट नाकारले गेले किंवा दावे आखूड झाले तर रॉयल्टी किती उरेल? तपासणीत आलेल्या हरकतींना उत्तर देण्याचा खर्च कोण करणार? भारतातील अर्जानंतर बारा महिन्यांत परदेशी अर्ज करायचे असतात. आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्ज केला असेल तर बहुतेक देशांत जाण्याचा निर्णय तीस महिन्यांपर्यंत लांबवता येतो. तो खर्च मोठा असतो आणि बऱ्याचदा कंपनीच उचलते. कंपनीने केलेली सुधारणा कोणाची, हा टोरंटोचा प्रश्न इथेही येतोच. आणि ठरलेल्या मुदतीत कंपनीने चाचणी किंवा उत्पादन सुरू केले नाही तर हक्क परत यायला हवा. नाही तर प्रतिस्पर्धी उपकरण बाजारात येऊ नये एवढ्यासाठीच परवाना घेऊन तो फडताळात ठेवून देणारे भेटतात. भारतीय कायद्यानुसार असा करार लेखीच असावा लागतो.

‘तुमच्या शोधाला कंपनी मिळवून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहावे. या फसवणुकीचा अमेरिकेत इतका सुळसुळाट झाला की १९९९ मध्ये कायदा करावा लागला. आपल्या किती गिऱ्हाइकांना खरोखर परवाना करार मिळाला, हे अशा संस्थांनी आधीच लेखी सांगावे असे बंधन त्यात आहे. भारतात असे बंधन नसले तरी तो प्रश्न विचारायला कोणाची आडकाठी नाही. खरा मध्यस्थ बहुधा करार झाल्यावर त्यातला वाटा घेतो.

महाविद्यालयांतल्या प्रकल्प-प्रदर्शनांत आणि डॉक्टरांच्या परिषदांत दरवर्षी नवी उपकरणे मांडली जातात. त्यांतली काही तरी रुग्णांच्या कामाची असतात. ती मांडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत प्रोव्हिजनल अर्ज दाखल झाला असेल, तर त्याच मंडपात भेटलेल्या कंपनीशी दुसऱ्या दिवशी मोकळेपणाने बोलता येते. अर्ज केलेला नसेल, तर वर्णन करून झालेल्या शोधाचे नावीन्य बहुधा तिथेच संपते.